डाव्या अंगठ्याचं नख

परवा आमच्या कॉलेजातल्या कांताबाईंच्या मुलीची हळद होती. हळदीला गेलेली बाई नुसती हात जोडून परत येत नाही. मांडवात बसलेल्या पोरींनी माझा हात ओढला आणि लाल नेलपॉलिशची बाटली उघडली. मी नऊ बोटं पुढे केली आणि डावा अंगठा मुठीत घेतला. "मॅडम, ह्यो राहिला की," एक जण म्हणाली. म्हटलं, राहू दे. "नवस हाय का काय?" मी म्हणाले, हाव, नवस आहे. त्या गोंधळात खरं कारण सांगत बसले असते तर नवरी सासरी पोचली असती आणि माझी गोष्ट लातूरलाच राहिली असती.

ते कारण आता सांगते, कारण मार्च आलाय. भोकरच्या माळावर पळस फुललाय, गव्हाचा भुसा दुपारच्या वाऱ्यावर थेट घरात येतो आणि माझ्या टेबलावर अकरावीच्या वार्षिक परीक्षेचे गठ्ठे सुतळीनं बांधून पडलेत. मी इथं जीवशास्त्र शिकवते. आणि ओट्यावर, काळा चष्मा लावून, अक्का बसल्यात. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे पार गेले होते. आज करू, उद्या करू म्हणत त्यांनी वर्षं घालवली. शेवटी ह्या हिवाळ्यात मीच त्यांना किल्लारीहून उचलून आणलं आणि नांदेडला दोन्ही ऑपरेशनं करून घेतली. दुसरा डोळा होऊन तीन आठवडे झालेत. दिवसातून दहा वेळा त्या चष्मा वर करून बघतात आणि मी दहा वेळा ओरडते.

शेजारच्या बाईनं विचारलं, आत्या का तुमच्या? मी काय सांगणार. अक्का माझ्या नात्यातल्या कुणीच नाहीत. त्या किल्लारीच्या, मी रेणापूरजवळच्या खेड्यातली. आमची गाठ पडली ती लातूरला, नऊ वर्षांपूर्वी, गळांमुळे.

गळ म्हणजे मासे धरायचा आकडा. लातूरला नदी कुठे, मासे कुठे, आणि गळांचं काम कुठून, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. तिथं एका घराच्या वरच्या मजल्यावर नऊ बाया बसून परदेशातल्या लोकांसाठी माशा बांधायच्या. माशी म्हणजे बारीकशा गळावर कोंबड्याच्या मानेची पिसं, रंगीत दोरा, थोडी लोकर असं गुंडाळून केलेला खोटा किडा. तिकडची माणसं तो पाण्यावर टाकतात, मासा त्याला खरा समजून तोंड घालतो. मग बरेच जण त्या माशाला परत सोडूनही देतात म्हणे. हे ऐकल्यावर पहिल्या दिवशी सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "मंग धरतेत कशाला? फुरसत लई दिसतीया त्यान्ला," असं अक्का म्हणाल्या, आणि पुढचा गळ उचलला.

माशी कितीही देखणी बांधा, गळ खराब असेल तर सगळं फुकट. म्हणून बांधायच्या आधी प्रत्येक गळ बघायचा, आणि तो जिम्मा अक्कांचा. त्यांनीच मला शिकवलं. आधी नेढं बघ, सुईसारखंच असतं ते, पण तारेचं टोक वळवून केलेलं. तिथं फट राहिली तर दोरा त्यात कापतो. मग टोकाजवळचा उलटा काटा बघ. तो खोलवर कापलेला असेल तर तार तिथंच मोडती. मग गळ शिकंज्यात धरायचा आणि बोटानं जरा ओढायचा. चांगला गळ थोडा वाकतो, सोडला की जागेवर येतो. वाकून तसाच राहिला तर मऊ, टकन् मोडला तर कडक, दोन्ही फेकायचे. "मानसासारखंच हाय बग," अक्का म्हणायच्या. पण हे त्या भेंडीबद्दलही म्हणायच्या, त्यामुळे मी फार मनावर घेत नव्हते.

आणि सगळ्यात शेवटी टोक. टोकाला डोळे लागत नाहीत. गळाचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवायचं, जोर द्यायचा नाही, नुसतं सरकवायचं. घसरलं तर भोथरं. जागच्या जागी अडकलं तर पास. अक्कांच्या त्या नखावर बारीक पांढऱ्या रेघांची जाळीच झाली होती. माझ्याही नखावर महिन्याभरात रेघा उमटल्या आणि मला त्यांचा उगाचच अभिमान वाटायला लागला.

मी तिथं कशी आले तेही सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बारावीला मी भौतिकशास्त्रात आपटले. लातूरला गावोगावची पोरं मार्क मिळवायला येतात, तिथं नापास होणं म्हणजे पंगतीत बसून उपाशी उठणं. वडिलांनी एक वर्ष दिलं. म्हणाले, "तुजं तू भागव, परीक्षा दे. काम सुटलं की घरी यायचं आन् म्या दावील त्या स्थळाला हाव म्हनायचं." वडील वाईट नव्हते. माझ्यावर विसंबून राहण्यासारखं मी तोवर काही केलंच नव्हतं. ओळखीतून हे काम मिळालं, आणि अक्कांनी आपल्या भाड्याच्या खोलीत मला जागा दिली. खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकताना त्यांनी मला चूल दाखवली नाही, मोरी दाखवली नाही. आधी म्हणाल्या, "ह्या भिंतीकडं निजू नको, वरलं लाकूड वलं हाय." अक्का कुठेही गेल्या तरी बसायच्या आधी भिंतीवर तळहात टेकवून बघतात. किल्लारीच्या त्यांच्या वयाच्या बायांना भूकंपापासून ती सवय आहे, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की अक्कांना दिसत नाही. पार नाही असं नव्हे. माणूस कळायचं, दार कळायचं, पण नेढ्याची फट, काट्याचा काप, हे सगळं धुक्यात. मला त्यांनी मदतनीस म्हणून मागून घेतलं होतं ते याचसाठी. "तू फकस्त पाकिटं फोडतीस, असं मालक समजून राह्यलेत," त्या म्हणाल्या. "तसंच समजू दे." मी मान डोलावली. मालक शांत माणूस, पण त्यांचा एक नियम होता. भोथरा गळ पुढे गेला की तपासणारं माणूस बदलायचं. अक्कांच्या आधीची तपासणारी एका पाकिटापायी गेली होती. हळूहळू अक्का पिसं निवडायच्या कामाला लागल्या, ते त्यांना नुसत्या बोटांनी जमायचं, आणि गळ सगळे माझ्या हातात आले. खोलीला वाटायचं अक्का बघतात.

मार्गशीर्षात माझ्या ताईचं लग्न लागलं. तीन दिवसांची सुट्टी काढून गेले, आणि परत आले ती दहाही बोटं लालभडक करून. उरलेली बाटली ताईनं माझ्या पर्समध्ये टाकली होती. त्याच आठवड्यात गळांचा नवा माल आला, दुसऱ्या ठिकाणचा, काळाभोर, चकचकीत. मी बसले तपासायला. नेढं ठीक, काटा ठीक, ओढून बघितलं तर ठीक. टोक नखावर ठेवलं की लगेच अडकायचं. एकही घसरत नव्हता. मी अक्कांना म्हणालेसुद्धा, काय माल आहे हो अक्का, असा माल बघितला नाही. चार दिवसांत बायांनी त्यावर चार डबे भरून माशा बांधल्या. शनिवारी पार्सल जाणार होतं.

शुक्रवारी दुपारी नखाचा रंग अर्धा उडाला होता. मी एक गळ सरकवला, तो घसरला. म्हटलं, असेल एखादा. तोच गळ जरा बाजूला, राहिलेल्या लाल रंगावर ठेवला, तर अडकला. पुन्हा उघड्या नखावर घसरला. पुन्हा लालवर अडकला. चार दिवस मी गळ नखावर तपासतच नव्हते, रंगावर तपासत होते. रंग मऊ, त्यात काहीही रुततं. दुसरं पाकीट फोडलं, तिसरं फोडलं. सगळा माल भोथरा होता आणि तो मी पास केला होता.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार गप्प बसायचा आला. पार्सल जाईल, सातासमुद्रापलीकडे कुणाच्या गळाला मासा लागणार नाही, त्याला वाटेल आपलंच नशीब. मासे तरी वाचतील, असंही मनाशी म्हणून बघितलं. मग डोळ्यांपुढे आलं की तक्रार येणारच, आणि ती आली की मालक अक्कांकडे बघतील. मी सांगितलं तर माझं काम जाईल, वर्ष जाईल, दाखवतील त्या स्थळाला हाव म्हणावं लागेल. नाही सांगितलं तर अक्कांच्या डोळ्यांचं बिंग फुटेल. आणि सांगितलं तरी फुटेलच, कारण मालक विचारणार, गळ ही पोरगी का बघत होती?

चारच्या चहाला मी अक्कांच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक गळ मागितला. स्वतःच्या नखावर सरकवला. तो काचेवरून गेल्यासारखा गेला. दुसरा मागितला, तोही गेला. मी रडायला लागले होते. अक्का रागावल्या नाहीत, त्यांनी जवळही घेतलं नाही. विचारलं, "परीक्षा कवा हाय तुजी?"

"फेब्रुवारीच्या शेवटाला."

"मंग गप ऱ्हा. ती बाटली हाय का पर्समंदी?"

मला कळेना. मी बाटली काढली. अक्कांनी डावा हात पुढे केला, चार बोटं मिटली आणि अंगठा तेवढा उभा ठेवला. "लाव," म्हणाल्या.

अक्का विधवा. पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्या कपाळाला काही नाही, हातात काही नाही, कुणाच्या हळदीला गेल्या तरी मागच्या रांगेत बसणार. मी म्हणाले, अक्का, बाया काय म्हणतील. "बायांचं तू बगू नको. लाव लवकर, मालक पाचाला येत्यात." घाईघाईत लावताना रंग नखाच्या बाहेर गेला. अक्कांनी फुंकर घातली आणि मला म्हणाल्या, तुझे हात ओढणीखाली घे.

मालक पाचला आले. अक्का उठून त्यांच्यापुढे गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मालक, माल भोथरा हाय. चार डबे सोडवावे लागत्यात. चूक माजी हाय. नख रंगवून घेतलं आन् त्याच्यावर गळ बगत बसले." आणि अंगठा वर केला.

खोलीत दोरे गुंडाळायचा आवाज थांबला. मग कुणीतरी फिसकलं. कुणीतरी "अगं बया" म्हणालं. मालकांनी त्या अंगठ्याकडे बघितलं. "अक्का, ह्या वयात?" ते म्हणाले.

"हौस हाय," अक्का म्हणाल्या. "तिला वय लागतंय का?"

रंगाचा ताजा वास खोलीभर होता. चार दिवसांपूर्वी लावलेल्या रंगाला असा वास येत नाही, हे कुणालाही कळलं असतं. मालकांनी एकदा माझ्या ओढणीकडे बघितलं. मग एक गळ उचलून स्वतःच्या नखावर सरकवला, मग दुसरा. शेवटी म्हणाले, "सोडवा सगळ्या. पार्सल पुढच्या शनिवारी." जिना उतरता उतरता त्यांनी विचारलं, "मग नख साफ होईपर्यंत गळ कोण बघणार?"

"ही पोरगी बगती की," अक्का म्हणाल्या. "म्या शिकीवलंय तिला."

एका रंगलेल्या नखानं त्यांनी माझी चूक झाकली, स्वतःचे डोळे झाकले आणि सगळ्यांदेखत काम माझ्या हातात दिलं. हे सगळं त्यांनी चहाच्या एका कपात ठरवलं होतं. मी आजवर एवढी हुशार बाई बघितली नाही, आणि मी कॉलेजात शिकवते, तिथं हुशार बायांची कमी नाही.

त्या संध्याकाळी मी माझी दहाही नखं पात्यानं खरवडून काढली. पुढचा आठवडा सगळ्या बाया दोरे कापत बसल्या, पिसं वाचवत, अक्कांना चिडवत. "अक्का, लिपस्टिक कवा?" अक्का म्हणायच्या, "पंचमीला." त्या हसण्यात त्यांना काही लागलं असेल तर त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. त्यांच्या नखावरचा रंग मात्र त्यांनी काढला नाही. "लई घाई हाय का तुला?" म्हणाल्या. कामानं तो झडत गेला, मुळाकडून नवं नख येत गेलं.

तो हिवाळा मला त्या नखासकट आठवतो. ज्वारी पोटरीत आली तेव्हा लाल रंग अर्ध्या नखावर होता. हुरड्याच्या दिवसांत तो टोकाकडे सरकला. गळ तपासता तपासता मी भौतिकशास्त्राच्या व्याख्या मोठ्यानं म्हणायची आणि अक्का पिसं निवडत ऐकायच्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण मी चाचरले की पीस खाली ठेवायच्या. "परत म्हन." मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं अक्का? "गळ अडकला तर चांगला, तू अडकलीस तर खराब. येवढं कळतंय मला." पेपरच्या आदल्या दिवशी त्यांच्या नखाच्या टोकाला लाल दोऱ्याएवढी कड उरली होती. बोटानं ती चाचपून बघायच्या, पण कापली नाही. माझे पेपर संपले त्या दिवशी कापली.

मी पास झाले. मार्क किती पडले ते इथं सांगत नाही, विद्यार्थी वाचतात.

पुढे शिकायला नांदेडला आले, मग ही नोकरी. ती खोली पुढे बंद झाली, बाया पांगल्या, अक्का किल्लारीला भावाकडे गेल्या. गळ हातातून सुटले, पण अंगठा काही सुटला नाही. पेपर तपासायला बसले की मी आधी तो बघते. लोकांना गंमत वाटते, मला वाटत नाही. मोत्यासारखं अक्षर आलं की भोथरं उत्तरसुद्धा मनात अडकतं, हे मी स्वतःवर पकडलंय. मागच्या वर्षी एका मुलाला मी रागारागात तीन मार्क कमी दिले, कारण त्याच्या आधीच्या पाच जणांनी एकच चुकीचं उत्तर एकमेकांचं बघून लिहिलं होतं आणि याचंही तसंच असणार असं मी वाचायच्या आधीच ठरवलं होतं. गठ्ठा बांधताना खटकलं. परत सोडला, परत वाचलं. पोराचं उत्तर बरोबर होतं, तिन्ही मार्क परत दिले. रंग माझ्या नखावर होता. त्याला हे कधी कळणार नाही, आणि कळायचं काही कारणही नाही.

आज दुपारी तिसरा गठ्ठा सोडून ओट्यावर येऊन बसले. उन्हं कलली होती. अक्कांनी चष्मा वर केला, मी ओरडले, त्यांनी ऐकलं नाही. माझा हात हातात घेऊन त्या एकेक बोट बघत होत्या. आता त्यांना माझ्या हातावरचे तीळसुद्धा दिसतात.

"ह्यो अंगठा का सोडलास?"

"पेपर तपासायचेत ना, अक्का."

त्या खुदकन हसल्या. मग स्वतःचा अंगठा निरखायला लागल्या. म्हणाल्या, "त्या दिशी तू लावलावतास न्हवं, त्यो रंग कंचा हुता गं?"

सगळ्या खोलीपुढे त्यांनी जो अंगठा वर केला होता, ज्याच्यावर बाया हसल्या, जो तीन महिने त्यांनी मिरवला, तो त्यांना धड दिसलाच नव्हता.

"लाल होता, अक्का. लालभडक."

"मला वाटलं गुलाबी आसंल," त्या म्हणाल्या. "समदं धुकंच हुतं."

मी आत गेले. कपाटात, ताईच्या लग्नातली नव्हे पण तशीच, एक बाटली होती. बाहेर आले तेव्हा अक्कांनी न सांगता डावा हात पुढे केला होता, चार बोटं मिटून. ह्या वेळी घाई नव्हती. रंग नखाच्या आत राहिला. अक्कांनी फुंकर घातली, अंगठा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि उन्हात फिरवून फिरवून बघत बसल्या.